पेशीत वाढलेल्या सुया: ट्रिपॅनोसोमाच्या कॅथेप्सिन-बीचे प्रकरण

जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात मायकेल डुझेंको यांचा गट निद्रारोगाच्या परजीवीवर काम करत होता. त्यांना या परजीवीचे कॅथेप्सिन-बी नावाचे एन्झाइम हवे होते. परजीवीकडून ते पुरेसे हाती लागत नाही. म्हणून त्याचे जनुक कीटकाच्या पेशींत घालायचे, तिथे एन्झाइम भरपूर बनवून घ्यायचे, मग पेशी फोडून, प्रथिन शुद्ध करून पुढच्या कामाला लागायचे, असा नेहमीचाच बेत होता. जगभरच्या प्रयोगशाळांत रोज चालणारे हे काम आहे. पण या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यांच्यात सुया दिसल्या.

सुया लांबीला साधारण १० ते १५ मायक्रोमीटर, जाडीला जेमतेम १ मायक्रोमीटर. या कीटकपेशीचा व्यासच १५-२० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतील एवढ्या लांबीच्या, सरळ, धारदार कडांच्या काड्या. काही पेशींत त्यांनी पेशीपटल आतून ताणून बाहेर ढकलले होते आणि गोल पेशीला टोके फुटली होती. ही घाण नव्हती, क्षारही नव्हते. ज्या प्रथिनासाठी सगळा खटाटोप चालला होता, तेच प्रथिन पेशीच्या आत आपणहून स्फटिक होऊन बसले होते.

प्रथिनाचा स्फटिक मिळवण्यासाठी लोक काय काय करतात हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या दृश्याचे मोल लगेच कळेल. आधी प्रथिन अगदी शुद्ध करायचे. मग शेकडो बारीक थेंब लावायचे. प्रत्येकात क्षार वेगळा, आम्लता वेगळी, पॉलिमरचे प्रमाण वेगळे. आणि वाट पाहायची, कधी काही दिवस, कधी काही महिने. बहुतेक थेंबांत गाळ बसतो, उरलेले नुसते स्वच्छ राहतात. पीएचडीची वर्षे यात जातात, आणि शेवटी हाती काही लागेलच असे नाही. इथे तोच स्फटिक कोणी न मागता पेशीने करून ठेवला होता.

हे एन्झाइम महत्त्वाचे का, ते आधी सांगतो. निद्रारोग ट्रिपॅनोसोमा ब्रूसी या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्यातून पसरतो. परजीवी आधी रक्तात आणि लसिकेत वाढतो, पुढे मेंदूत शिरतो. झोपेचे चक्र बिघडते, भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. दुसऱ्या टप्प्यावर अनेक दशके मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त औषध वापरले गेले, आणि त्यानेच शंभरातले पाचेक रुग्ण दगावत. नव्या औषधाची गरज इतकी उघड होती की परजीवीचे कुठलेही नाजूक मर्म शोधण्याची सगळ्यांनाच घाई होती. कॅथेप्सिन-बी हे असेच एक मर्म. परजीवी जे गिळतो ते त्याच्या लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, हे एन्झाइम तोडते. त्याच्या जनुकाचे काम दाबून ते कमी केले तर परजीवी जगत नाही, हे प्रयोगशाळेत दिसले होते आणि उंदरांवरच्या प्रयोगातही.

महाराष्ट्रात हा आजार नाही. पण या परजीवीचा भाऊबंद, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, आपल्याकडच्या जनावरांत सर्रा नावाने पशुवैद्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन त्याला मारते, म्हणून तो सहसा आपल्याला लागत नाही. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो लागला, आणि पुढच्या तपासात कळले की त्याच्या रक्तात हे रक्षक प्रथिन, अ‍ॅपोलायपोप्रोटीन एल-१, कामाचे नव्हतेच. निद्रारोगासाठी १९२० च्या दशकापासून वापरात असलेल्या सुरामिनने तो बरा झाला. परजीवींचे हे कूळ आपल्यापासून किती दूर आणि किती जवळ आहे, ते यावरून ध्यानात यावे.

कॅथेप्सिन-बीमागे एक मोठी अडचण होती. अशाच घडणीचे कॅथेप्सिन-बी माणसाच्या शरीरातही आहे. परजीवीचे एन्झाइम अडवणारे औषध माणसाचेही अडवेल, तर उपयोग काय? दोन्हींतला फरक शोधायचा तर अणूंच्या पातळीवरची रचना हवी, आणि तीही एन्झाइम परजीवीत ज्या रूपात असते त्या रूपात. हे एन्झाइम तयार होते तेव्हा त्याला पुढे एक शेपूट असते, प्रोपेप्टाइड. ते एन्झाइमच्या काम करणाऱ्या फटीत जाऊन बसते आणि ती झाकून टाकते. पाते म्यानात असल्यासारखे एन्झाइम निर्धोक राहते, आणि लयकारिकेतल्या आम्ल वातावरणात पोचल्यावर म्यान गळून पडते. २०१० मध्ये परंपरागत पद्धतीने या एन्झाइमची रचना मिळाली होती, पण ती म्यान उतरलेल्या, फटीत कृत्रिम रसायन अडकवलेल्या अवस्थेतली होती. निसर्ग हे एन्झाइम स्वतः कसे अडवतो, ते तिच्यात दिसत नव्हते.

आता त्या कीटकपेशींकडे येतो. त्यांचे नाव एसएफ-९, आणि मूळ स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या कोषाच्या अंडाशयात. हे नाव अनोळखी वाटेल, पण कीड मुळीच अनोळखी नाही. २०१८ मध्ये भारतात शिरलेली आणि तेव्हापासून आपल्या मक्याच्या पोंग्यात बसून पाने चाळणी करणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच. डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण असलेली. तिच्या पेशी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकापासून वाढवल्या जातात आणि लसींपासून संशोधनापर्यंत असंख्य प्रथिने त्यांत बनवली जातात.

या पेशींत परके जनुक पोचवायला एक कीटक-विषाणू वापरतात, बॅक्युलोव्हायरस. या प्रकरणातला मला सर्वांत भावणारा धागा इथेच आहे. हा विषाणू मुळातच स्फटिक करणारा आहे. संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात तो अळीच्या पेशींना पॉलिहेड्रिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या कामाला जुंपतो. प्रथिनाचे स्फटिक पेशीच्या आत, केंद्रकात वाढतात आणि विषाणूचे कण त्यांत बंदिस्त होतात. अळी मरते, तिचे शरीर पाण्यासारखे होते, ती फांदीला उलटी लटकते. शरीर फुटले की हे स्फटिक पानावर सांडतात आणि ऊनपावसात विषाणूला सांभाळून ठेवतात. पुढची अळी ते पान खाते, तिच्या अल्कधर्मी आतड्यात स्फटिक विरघळतो आणि विषाणू मोकळा होतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी आपल्याकडे एचएएनपीव्ही हा बॅक्युलोव्हायरस फवारतात, त्यातही हेच स्फटिक असतात. शेतकरी पंपातून जिवंत पेशींत घडलेले प्रथिनांचे स्फटिकच पिकावर मारत असतो.

पॉलिहेड्रिनच्या जनुकाला चालू करणारा डीएनएचा तुकडा विलक्षण जोरदार आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणूला स्फटिकांच्या कवचाची गरज नसते, तेव्हा पॉलिहेड्रिनचे जनुक काढून त्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवता येते. टेक्सासमध्ये गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी १९८३ मध्ये माणसाचे बीटा-इंटरफेरॉन असे बनवले, आणि पद्धत रुळली. ट्युबिंगेनमध्ये कॅथेप्सिन-बी याच जागी बसले होते. स्फटिक करणारे जनुक काढून टाकले, पेशीला एकाच प्रथिनाच्या कामाला जुंपण्याची विषाणूची क्षमता तेवढी ठेवली, आणि त्या जागी आलेल्या पाहुण्या प्रथिनानेही स्फटिकच केला. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. एकच प्रथिन, दाट, एका बंद कप्प्यात, दिवसेंदिवस ओतले जाणे, ही स्फटिकासाठी हवी असलेली परिस्थितीच आहे. शिवाय हे याच पद्धतीत आधीही घडले होते. १९९६ मध्ये कॅल्सिन्युरिन या प्रथिनाचे स्फटिक असेच कीटकपेशींत दिसल्याची नोंद आहे. पण त्या वेळी तेवढ्या बारीक स्फटिकांचे करायचे काय, याला उत्तर नव्हते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कॅथेप्सिन-बीच्या सुयांभोवती पटल दिसले आणि त्या पटलावर रायबोसोमचे, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रांचे, ठिपके. म्हणजे सुया खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेच्या, नवी प्रथिने जिथे प्रथम येतात त्या पेशीतल्या कप्प्याच्या, आत वाढत होत्या. कॅथेप्सिन-बीला एरवी तिथून पुढे जायचे असते, पण येणारा लोंढा इतका होता की प्रथिन तिथेच साठले. याचा एक परिणाम पुढे निर्णायक ठरला. आंतर्द्रव्यजालिकेत आम्लता नसते, म्हणून म्यान गळायची वेळच आली नाही. तिथेच प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात, त्याही जागेवर राहिल्या. परंपरागत पद्धतीत या साखळ्या डोकेदुखी ठरतात, कारण त्या रेणूगणिक थोड्या वेगळ्या असतात आणि रेणूंची शिस्तबद्ध रांग लागू देत नाहीत. म्हणून त्या बहुधा आधीच छाटल्या जातात. पेशीने त्या न छाटता स्फटिक केला होता.

अडचण मापाची होती. क्ष-किरणांनी रचना काढायची तर स्फटिकातल्या रेणूंच्या रांगांवरून किरण विखुरले जाऊन ठिपक्यांचा नमुना मिळावा लागतो. स्फटिक बारीक असेल तर ठिपके फिके पडतात. ते ठळक करायला किरणांचा मारा वाढवला तर नमुना पुरा व्हायच्या आत स्फटिकच जळतो. १ मायक्रोमीटरपेक्षा कमी जाडीच्या सुया त्या काळच्या सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या वर्तुळाकार यंत्रांच्या, दृष्टीने कुचकामी होत्या. दहा वर्षे आधी त्या दिसल्या असत्या तर एका छायाचित्रापलीकडे त्यांचे काही झाले नसते.

पण कॅलिफोर्नियातल्या एसएलएसी प्रयोगशाळेत २००९ मध्ये एलसीएलएस नावाचा क्ष-किरण लेसर सुरू झाला होता. जवळपास प्रकाशाच्या वेगापर्यंत नेलेले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी नेऊन हा लेसर क्ष-किरणांचे स्पंद बनवतो, तेव्हा सेकंदाला १२०. एकेक स्पंद काही डझन फेमटोसेकंदांचा, आणि फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक-अब्जांश भाग घेऊन त्याचे पुन्हा दहा लाख भाग केल्यावर मिळणारा एक. स्पंद इतका तीव्र असतो की त्याच्या वाटेत आलेल्या स्फटिकाचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, होतो. मात्र अणू जागचे हलण्याच्या आत किरण विखुरून निघून गेलेले असतात. स्फटिक नष्ट होतो, पण नष्ट होण्यापूर्वीचा नमुना मागे राहतो. २०११ मध्ये हेन्री चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशसंश्लेषणातल्या फोटोसिस्टिम-१ च्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर हे करून दाखवले.

एका स्फटिकाचा एकच नमुना मिळणार, आणि तोही एकाच कोनातून. म्हणजे स्फटिक लाखोंनी हवेत आणि ते शक्यतो एकसारखे हवेत. थेंबात वाढवलेल्या स्फटिकांसाठी ही मोठी अट आहे. कीटकपेशींसाठी ती अटच नव्हती. फ्लास्कमध्ये कोट्यवधी पेशी असतात, बऱ्याच पेशींत सुया असतात, आणि पेशीचे माप मर्यादित असल्यामुळे सुयाही फार लहान-मोठ्या होत नाहीत. इतर तंत्रांना जो बारीकपणा नडत होता, तो इथे सोयीचा ठरला. पेशी फोडून, सुया अलगद वेगळ्या करून, द्रवात घोळून त्यांचा काही मायक्रोमीटर जाडीचा झोत निर्वात कक्षात सोडायचा. झोताभोवती वायूचे आवरण असते, ते झोताला आवळून बारीक करते. झोत अखंड वाहतो आणि स्पंद तुटक येतात, त्यामुळे बहुतांश सुया किरण न लागताच वाहून जातात. ही उधळपट्टी त्या पद्धतीत गृहीत धरलेली असते.

पहिल्या फेरीत सौम्य, लांब तरंगलांबीचे क्ष-किरण वापरले गेले. रचना काढण्याइतका तपशील त्यांतून मिळणार नव्हता, साधारण ७.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक-हजार-कोटीवा भाग; आकडा लहान तितका तपशील बारीक). पण पेशीत वाढलेल्या सुयांतल्या रेणूंच्या रांगा खरोखर शिस्तीत आहेत, हे त्यातून पक्के झाले. रुडॉल्फ कूपमान, कॅरोलिना क्युपेली, लार्स रेडेके आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध २०१२ च्या सुरुवातीला आला. नंतर अधिक ऊर्जेच्या किरणांवर खरे मोजमाप झाले. पावणेदोन लाखांहून जास्त स्फटिकांचे नमुने एकत्र करून २.१ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना मिळाली. ती २०१२ च्या अखेरीस ऑनलाइन आणि जानेवारी २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकाच्या अंकात प्रसिद्ध झाली. त्या नियतकालिकाने २०१२ च्या महत्त्वाच्या शोधांच्या यादीत तिला जागाही दिली.

या निबंधातला एक तपशील मला इतर सगळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. विवर्तनाच्या, म्हणजे विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांच्या, नमुन्यावरून रचना काढताना अर्धी माहिती हरवलेली असते. किरणांची तीव्रता मोजता येते, त्यांची कला (फेज), म्हणजे लहरींचे चढ-उतार एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत, ते मोजता येत नाही. ती भरून काढायला एखादी आधीच माहीत असलेली, मिळतीजुळती रचना उसनी घेतात. त्यात धोका असा की आपण जे घातले तेच उत्तरात उमटते आणि आपण फसतो. इथे उसनी घेतलेली रचना २०१० ची होती, म्यान नसलेली आणि शर्करा नसलेली. तरीही इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात प्रोपेप्टाइडची ६२ अमिनो आम्ले एकामागून एक उलगडत गेली, थेट काम करणाऱ्या फटीतून जाणारी. शर्करेच्या साखळ्याही दिसल्या, एक म्यानावर आणि एक एन्झाइमवर. ज्याचा मागमूसही गणितात घातला नव्हता ते नकाशात स्पष्ट उमटले, म्हणजे ते स्फटिकात खरोखर होते. लाखो जळून गेलेल्या सुयांच्या बेरजेतून मिळालेले उत्तर विश्वासार्ह आहे का, ही शंका त्या वेळी रास्त होती. तिला याहून नेमके उत्तर देता आले नसते.

परजीवीचे म्यान आणि माणसाच्या कॅथेप्सिन-बीचे म्यान शेजारी ठेवल्यावर फटीतला मार्ग बराच सारखा दिसला, पण म्यान एन्झाइमला कुठे कसे चिकटते यात फरक सापडले. या फरकांचा फायदा घेऊन फक्त परजीवीच्या एन्झाइमला धरणारा रेणू आखता येईल, अशी आशा लेखकांनी मांडली. वर्तमानपत्रांनी यापुढे जाऊन निद्रारोगाचे औषध जवळ आल्याचा सूर लावला, आणि तो मला तेव्हाही अस्थानी वाटला होता. कॅथेप्सिन-बीवर आधारलेले औषध अजून रुग्णांपर्यंत आलेले नाही. रुग्णांना खरा दिलासा मिळाला तो दुसऱ्याच वाटेने. मागे पडलेल्या एका जुन्या नायट्रोइमिडाझोल रेणूचे काम पुन्हा हाती घेऊन फेक्सिनिडाझोल ही तोंडाने घ्यायची गोळी तयार झाली, आणि २०१८ मध्ये युरोपीय औषध नियामकाने तिच्या बाजूने मत दिले. गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या पथकांनी त्याआधीच रोग मागे रेटला होता. २०१८ मध्ये नोंदलेले रुग्ण हजाराच्या आत होते. हे श्रेय ज्यांचे त्यांना द्यायला हवे. त्याने सुयांच्या कामाचे मोल कमी होत नाही, कारण ते वेगळ्या ठिकाणी आहे. प्रथिन पेशीत ज्या रूपात वावरते त्या रूपात, शर्करेसह आणि म्यानासह, त्याची रचना पेशीच्याच हाताने केलेल्या स्फटिकातून मिळू शकते, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

त्यानंतर जुन्या नोंदींकडेही लोक नव्या नजरेने पाहू लागले. एरंडाच्या बीजात प्रथिनांचे स्फटिक असतात हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. आपल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन जस्तासोबत स्फटिकरूपातच साठवतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू बीजाणू धरताना कीटकनाशक प्रथिनाचा स्फटिक करतो. बीटी कापसामुळे त्या प्रथिनांचे नाव विदर्भातल्या घराघरांत पोचले, जरी कापसाच्या पेशींत स्फटिक नसतो, नुसते प्रथिन असते. २०१४ मध्ये या जिवाणूच्या क्राय-३-ए प्रथिनाचे स्फटिक, ते बनवणाऱ्या पेशी न फोडताही, एलसीएलएसच्या झोतात सोडले गेले आणि रचना मिळाली. शुद्धीकरणाची पायरीच गाळली गेली.

ट्रिपॅनोसोमाच्या बाबतीत पुढचा टप्पा २०२० मध्ये आला. याच परजीवीचे आयएमपी डिहायड्रोजिनेज हे दुसरे एन्झाइम कीटकपेशींत स्फटिक झाले. रचनेत त्याच्या नियंत्रक भागात एटीपी आणि जीएमपी हे रेणू बसलेले आढळले. कोणी ते मुद्दाम घातले नव्हते. पेशीत जे उपलब्ध होते त्यातून एन्झाइमने स्वतः निवडून घेतलेले ते सोबती होते. थेंबात स्फटिक वाढवताना शास्त्रज्ञ आपल्या अंदाजाने सहघटक घालतो, आणि अंदाज चुकला तर चुकीची रचना नेटकेपणाने मिळते. इथे ती शक्यता बरीच कमी झाली.

कोणते प्रथिन पेशीत स्फटिक होईल, हे आधी सांगण्याचा नियम अजून कोणाकडे नाही. म्हणून हॅम्बुर्ग आणि ल्युबेकच्या गटांनी उलट बाजूने सुरुवात केली. रेडेके आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या इनसेलक्रिस्ट या पद्धतीत एकाच प्रथिनाला निरनिराळे पत्ते जोडतात, म्हणजे ते पेशीच्या निरनिराळ्या कप्प्यांत जाते: आंतर्द्रव्यजालिका, केंद्रक, पेशीद्रव, पेरॉक्सिसोम. प्रत्येक कप्प्यातली आम्लता आणि गर्दी वेगळी, म्हणून एका कप्प्यात न जमलेला स्फटिक दुसऱ्यात जमू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली सुया, पाती किंवा ठोकळे दिसले की पेशी थेट किरणांपुढे नेतात. आता त्यासाठी दर वेळी क्ष-किरण लेसरच लागतो असेही नाही. सिंक्रोट्रॉनचे झोत इतके बारीक आणि तीव्र झाले आहेत की पेशीतल्या स्फटिकांचे मोजमाप तिथेही होऊ लागले आहे.